खळग्यातलं गाव

डोनाउव्योर्थला गाडी बदलल्यापासून मी खिडकीला नाक लावून बसले होते. जर्मनीतलं न्योर्डलिंगन हे गाव अशनीच्या विवरात वसलंय, एवढं वाचून निघाले होते. आता गाडी उताराला लागेल, मोठ्ठा खळगा दिसेल, असं वाटत होतं. दिसली काय, तर सपाट शेतं! मधूनच एखादं लाल कौलांचं खेडं, चर्चचा मनोरा, पुन्हा शेतं.

माझं माहेर बुलढाण्याचं, त्यामुळे विवर म्हटलं की डोळ्यांसमोर लोणार. काठावर उभं राहिलं की अख्खं विवर एका नजरेत मावतं. पण लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर आणि इथला चोवीसेक. आपण आत शिरलोय हे कळणार तरी कसं?

कळलं ते ‘डॅनियल’वर चढल्यावर. सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्याला इथले लोक लाडानं डॅनियल म्हणतात. उंची ९० मीटर, पायऱ्या ३५०. दोनशेव्या पायरीला गुडघ्यांनी तक्रार केली, पण वर पोचले आणि गप्पच झाले. पायाखाली गोल तटबंदीतलं गाव, त्याभोवती रीसचं (या विवराचं नाव रीस) सपाट मैदान आणि पार क्षितिजाशी निळसर टेकड्यांचं कडं. तोच विवराचा काठ! साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथे सुमारे एक किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला. म्हणजे तटबंदीतलं हे सगळं गाव आहे, जवळपास तेवढाच धोंडा. त्या तडाख्यात वितळून उडालेली काच पार आजच्या चेक प्रजासत्ताकापर्यंत जाऊन पडली. हिरवट रंगाचे ते खडे मोल्डावाइट म्हणून दागिन्यांत घालतात. पुढे खड्ड्यात तळं साचलं, गाळानं भरलं आणि त्या गाळावर आजची ही शेतं.

खाली उतरून चर्चच्या भिंतीला हात लावला. राखाडी, खरबरीत दगड, त्यात काळपट काचेचे चपटे तुकडे. हा सुएव्हाइट, त्याच आघातात भाजून निघालेला खडक. त्या तुकड्यांना इथे ‘फ्लेडले’ म्हणतात. सूपमध्ये धिरड्याच्या पट्ट्या कापून घालतात, त्यांचंही नाव तेच. आघाताच्या दाबानं ग्रॅफाइटचे हिरे झाले, तेही याच दगडात आहेत. मोहात पडू नका, ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

गंमत म्हणजे कित्येक वर्षं हा सगळा ज्वालामुखीचा प्रताप समजत. (आपल्या लोणारबद्दलही तसंच समजत होते.) १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूवैज्ञानिकांना इथल्या खडकात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. ते तयार व्हायला एवढा प्रचंड दाब लागतो, की ज्वालामुखीच्या अंगात तेवढी ताकदच नाही. वाद मिटला. १९७० मध्ये तर चंद्रावर निघालेले अपोलो-१४ चे अंतराळवीर इथे दगड ओळखायला शिकून गेले. गावातल्या विवर-संग्रहालयात चंद्रावरचा एक दगड ठेवलाय.

तटबंदीवरून सगळ्या गावाला प्रदक्षिणा घालता येते. २.७ किलोमीटर, डोक्यावर छप्पर, पाच वेशी. १६३४ साली तीस वर्षांच्या युद्धात इथे स्वीडिश फौजेचा दारुण पराभव झाला. पण गावकऱ्यांना लाडकी गोष्ट डुकराची! १४४० साली शेजारच्या काउंटनं पहारेकऱ्यांना फितवून एक वेस रात्री उघडी ठेवायला लावली. एक डुक्कर त्या दाराला अंग घासत होतं, दार हललं, ते एका बाईनं पाहिलं आणि आरडाओरडा केला. गाव वाचलं. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण अजूनही रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरचा राखणदार त्या बाईच्या ओरडण्याचीच हाळी देतो.

ती ऐकायला म्हणून मुक्काम वाढवला. दहाचे ठोके पडले आणि वरून लांबट आवाज आला, “सो, ग्सेल, सो!” म्हणजे साधारण ‘असं, गड्या, असं!’ चौकातून सायकलवर चाललेल्या दोन पोरांनी मान वर करून तसंच ओरडून उत्तर दिलं. मी खिडकी उघडीच ठेवली, साडेदहाच्या हाळीसाठी.