रुळावर धावल्याशिवाय विक्री नाही : आमची वाटचाल

आमच्या मॉडेल रेल्वेच्या दुकानातून कोणतंही छोटं इंजिन रुळावर धावल्याशिवाय बाहेर पडत नाही. नवं असो, जुनं असो, पहिल्यांदाच खोक्यातून निघत असो, ते आधी गिऱ्हाइकासमोर चालवायचं आणि मगच बिल करायचं. दुकान उघडलं तेव्हापासून हा नियम आहे. धंदा जो काही वाढला तो या नियमामुळेच वाढला, असं मी आणि माझा धाकटा भाऊ दोघंही मानतो.

सुरुवात दुकानाने नाही, दुरुस्तीने झाली. भावाचा हात लहान मोटरींवर चांगला बसलेला, आणि मला रंगकाम नि डबे जुळवण्याची आवड. ओळखीतले हौशी लोक बंद पडलेली इंजिनं आणून द्यायचे. त्यातली बरीचशी नुकतीच विकत घेतलेली असत. बाहेरून पाहावं तर रंग शाबूत, कठडे शाबूत, आणि उघडून पाहिलं की वर्म गिअरवरचं (मोटरीचा फेर चाकांकडे नेणाऱ्या मळसूत्री गिअरवरचं) ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, नाहीतर चाकांवरून वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्या चाकाला टेकतच नाहीत. विकत घेण्याआधी थोडा वेळ चालवून पाहिलं असतं तरी हे दोष कळले असते. पण घेणाऱ्याने काचेच्या कपाटातलं इंजिन पाहिलेलं असायचं, धावतं पाहिलेलंच नसायचं. आपण दुकान काढायचं तर चालवून बघता येईल असंच काढायचं, हे तिथेच ठरलं.

पहिला टेस्ट ट्रॅक म्हणजे टेबलावर ठोकलेला एक सरळ तुकडा होता. सरळ रुळावर मोटर फिरते की नाही, दिवा लागतो की नाही, एवढंच समजतं. इंजिनाचे खरे गुण-अवगुण वळणावर आणि सांध्यावर, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतात त्या जागी, दिसतात. म्हणून नंतर एचओ मापासाठी, म्हणजे 1:87 प्रमाणाच्या इंजिनांसाठी, 16.5 मिलिमीटर गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) पूर्ण लूप घातला. त्यात एक वळण मुद्दाम 18 इंच त्रिज्येचं, घट्ट, दुसरं ऐसपैस. मध्ये एस आकाराची दुहेरी वळणी, थोडा चढ, आणि एक सांधा असा की ज्याच्या मधल्या प्लॅस्टिकच्या भागात वीज नाही. लहानसं चार चाकी शंटिंग इंजिन (डबे इकडून तिकडे हलवणारं) हळू चाललं तर नेमकं तिथे अडतं. दहा चालक चाकांचं वाफेचं इंजिन घट्ट वळणावर रूळ सोडतं. दोन्ही इंजिनं चांगलीच असतात, पण घेणाऱ्याच्या घरचा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, त्यांना मानवणार आहे का, हे त्याला आधी कळायला हवं. एन मापासाठी, म्हणजे 9 मिलिमीटर गेजसाठी, असाच वेगळा लूप पुढे आला.

आता आम्ही कसं चालवतो ते सांगतो, कारण आमच्या कामाचा जीव यातच आहे. नवखा माणूस कंट्रोलर हातात आला की नॉब पूर्ण फिरवतो, इंजिन भरधाव सुटतं आणि तो खूश होतो. वेगात बहुतेक सगळे दोष लपतात. आम्ही उलट करतो. नॉब केसभर फिरवायचा आणि इंजिन मुंगीच्या पावलाने सरकायला लागतं का ते बघायचं. धक्का देऊन निघालं, मध्येच थबकलं, दिवा लुकलुकला, तर चाकं मळलेली आहेत किंवा पट्ट्या नीट टेकत नाहीत. मग हेच उलट दिशेने, कारण कित्येक इंजिनं पुढे मखमलीसारखी जातात आणि मागे येताना कुरकुरतात. कंट्रोलरही साध्या, सपाट डीसी वीजपुरवठ्याचा ठेवतो. काही कंट्रोलर वीज झटक्याझटक्याने सोडतात. त्यावर खडबडीत इंजिनसुद्धा संथ चाललेलं दिसतं. विकणाऱ्याला ते सोयीचं, पण घेणाऱ्याच्या काय कामाचं?

त्यानंतर कान. चाकाच्या दर फेऱ्याला ठरावीक जागी टक्, टक् असा आवाज आला की आम्ही इंजिन उलटं करून ॲक्सलवरचा गिअर बघतो. धातूच्या ॲक्सलवर घट्ट बसवलेला प्लॅस्टिकचा गिअर वर्षानुवर्षांच्या ताणाने चिरतो. चीर दोन दातांच्या मध्ये पडते, तिथलं अंतर किंचित वाढतं आणि प्रत्येक फेऱ्यात दात तिथे अडखळतो. नवा गिअर घातला की इंजिन पुन्हा ठणठणीत. वाफेच्या इंजिनाची चाल लंगडी असेल तर दोष अनेकदा चाकांच्या बसणीत असतो. डाव्या नि उजव्या बाजूच्या क्रँकपिनांमध्ये (चाकांवरच्या, दांडे जोडलेल्या खुंट्यांमध्ये) 90 अंशांचा फरक राहायला हवा आणि तो सगळ्या जोड्यांत सारखा हवा, नाहीतर दांडे अडकतात. हे काम किचकट आहे, म्हणून असं इंजिन दुरुस्त होईपर्यंत विक्रीला ठेवतच नाही.

टेबलावर अँपिअर दाखवणारा मीटर कायम जोडलेला असतो. आजकालच्या बंद डब्याच्या मोटरीचं एचओ इंजिन एकट्याने धावताना एका अँपिअरच्या काही दशांशांतच भागवतं; जुन्या उघड्या मोटरी बऱ्याच जास्त ओढतात. वीज भरपूर जाते आणि वेग मात्र नाही, असं दिसलं की सुकलेलं ग्रीस किंवा मोटरीचा अशक्त झालेला चुंबक, यातलं एक धरून चालावं. डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचे डिजिटल हुकूम ओळखून मोटर चालवणारी चिप, बसवायचा असेल तर चाकं क्षणभर अडवून मोटर जास्तीत जास्त किती ओढते तेही बघतो, कारण तो आकडा डिकोडरच्या क्षमतेत बसायला हवा.

जुन्या मालाला आम्ही हात घातला तेव्हा शिकण्यासारखं खूप होतं. जपानी बनावटीची पितळी वाफेची इंजिनं बऱ्याच वेळा एका रुळावरून वीज इंजिनाच्या चाकांनी घेतात आणि दुसऱ्या रुळावरून टेंडरच्या, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या. टेंडर सोडून नुसतं इंजिन रुळावर ठेवलं तर ते हलणार नाही, आणि चांगलं इंजिन मोडीत निघेल. मार्क्लिनची तीन रुळांच्या पद्धतीची एचओ इंजिनं मधल्या खिळ्यांवरून वीज घेतात. ती दोन रुळांच्या ट्रॅकवर ठेवली की शॉर्ट होतं, म्हणून त्यांच्यासाठी ट्रॅकचा वेगळा तुकडा आहे. सर्वांत जास्त काळजी जस्ताच्या ओतीव सांगाड्याची. मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असेल तर सांगाडा आतून फुगतो, चिरतो, शेवटी भुगा होतो. याला इलाज नाही. असं इंजिन आज धावलं तरी आम्ही घेत नाही आणि विकतही नाही.

डिजिटल कंट्रोलमुळे दुकानाचं टेबल पुन्हा बदललं. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या 1935 पासूनच्या अमेरिकी संस्थेने डीसीसीची (डिजिटल कमांड कंट्रोलची) मानकं ठरवली, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे डिकोडर एकाच कंट्रोलरवर चालतात. नवा डिकोडर बहुधा 3 या पत्त्यावर, म्हणजे ओळख क्रमांकावर, येतो. जुन्या मालकाने पत्ता बदललेला असेल तर इंजिन मेल्यासारखं पडून राहतं, आणि पत्ता वाचून घेतला की लगेच चालतं. डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसी रुळावर ठेवलं तर मोटर गुणगुणत तापते, आणि कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर तर जळू शकते. त्यासाठी साधा आणि डिजिटल असे दोन ट्रॅक आम्ही पूर्ण वेगळे ठेवले आहेत, मध्ये स्विचसुद्धा नाही.

नियमामुळे काही गिऱ्हाइकं गेलीही. संग्राहकांना कधीच न चाललेलं इंजिन हवं असतं. त्यांच्या आवडीचा मला आदर आहे, पण त्यांना आम्ही नम्रपणे दुसरं दुकान सुचवतो. कित्येक उत्पादक स्वतःच सांगतात की नवं इंजिन आधी दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास बिनभाराचं चालवा. आम्ही त्यातला थोडा भाग गिऱ्हाइकासमोर उरकतो, इतकंच. दुसरीकडे, लांबून मागवणारे वाढले. त्यांच्यासाठी प्रत्येक खोक्यात चाचणीची चिठ्ठी जाते: कोणत्या वळणावर चालवलं, किती वीज घेतली, दोन्ही चाकांमधलं अंतर मापपट्टीत बसलं का, चढावर किती डबे ओढले आणि रबरी टायर घसरले का. दोष असेल तर तोही चिठ्ठीवर लिहिलेला असतो आणि किंमत त्याप्रमाणे कमी केलेली असते.

कोणी विचारतं, घ्यायचं नसेल तर येऊ का? जरूर या. स्वतःचा एखादा डबाही आणा, म्हणजे कपलिंग (इंजिन-डबा जोडणारा आकडा) जुळतं का ते इथेच समजेल. दुसरीकडे घेतलेलं इंजिनही आमच्या लूपवर चालवून बघायला काही आकार नाही.

सध्या ओ मापाची मागणी वाढते आहे. त्याचा गेज 32 मिलिमीटर, आणि वळणांना जागा फार लागते. मागची खोली रिकामी करून तिथे लूप घालायचं काम भावाने हाती घेतलं आहे. तो लूप पूर्ण होईपर्यंत ओ मापाचं एकही इंजिन आम्ही विक्रीला ठेवलेलं नाही.