वीसपैकी एकोणीस नर

वाइसच्या लोखंडी जबड्यात शंख धरून हँडल किती फिरवायचं, हे हाताला कळायला मला महिना लागला. कमी फिरवलं तर कवच दाद देत नाही, जरा जास्त झालं की आतल्या प्राण्याचा चेंदा. बरोबर जमलं तर 'कट्' असा एकच आवाज येतो. मग चिमट्यानं कपच्या बाजूला करायच्या आणि मऊ गोळा अख्खा उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा.

2006 चा फेब्रुवारी होता. सागरी जीवशास्त्रात संशोधनाला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी खडपांवर थाइस गटातले शंख मिळतात. अंगठ्याच्या पेराएवढे, खरबरीत, खडकाला चिकटलेले बार्नेकल नावाचे कवचवाले जीव आणि कालवं पोखरून खाणारे. खडपापासून हाकेच्या अंतरावर जहाजांचे तळ खरवडून रंगवायचा धक्का होता. मॅडमनी मला मुद्दाम तिथं का धाडलं, हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. वीस शंख आण, नर किती माद्या किती ते लिही, मापं घे, इतकंच.

नर ओळखायची माझी रीत सोपी होती. शंखाच्या डोक्यावर दोन शिंगं असतात. उजव्या शिंगामागे वाकडं, बोटासारखं शिश्न दिसलं की नर, नाही दिसलं की मादी. दुपारपर्यंत वीसही शंख झाले, तक्ता स्वच्छ अक्षरात लिहून मॅडमसमोर ठेवला.

"एकोणीस नर? आणि मादी एक?" त्यांनी चष्मा वर केला. "अगं, ही शंखांची वस्ती आहे की मुलांचं हॉस्टेल?"

मी म्हटलं, "मॅडम, स्पष्ट दिसतंय हो. मापंसुद्धा घेतलीत."

त्या उठल्या. सातव्या नंबरचा शंख काचेवर घेतला आणि शिंगाकडे ढुंकूनही न बघता पाठीवरची पातळ कातडी सुईनं उलटली. आत फिकट पिवळसर, जाडसर ग्रंथी होती. अंड्यांच्या पिशव्या घडवणारी. तिच्या कडेला काळपट तपकिरी रेघ. ही दोन्ही फक्त मादीत असतात.

"ही बाई आहे."

"पण मॅडम, हिला तर..."

"हो. हिला शिश्न आहे."

प्रयोगशाळेतले काका बाटल्या धूत होते, तेही थांबले. आम्ही वीसच्या वीस पुन्हा उलटून पाहिले. खरे नर नऊ, माद्या अकरा. त्या अकरातल्या दहा जणींना शिश्न उगवलं होतं. कुणाचं नुसतं पुटकुळीएवढं, कुणाचं नराच्या निम्म्याला आलेलं. माझा तक्ता चुकला होता, पण मी काही नसलेलं पाहिलं नव्हतं. पाहिलं ते खरंच तिथं होतं, आणि त्यावरून नर ठरवणं चूक होतं.

त्या संध्याकाळी मॅडमनी ट्रायब्यूटिल टिनची गोष्ट सांगितली. जहाजाच्या बुडाला बार्नेकल चिकटले की वेग घटतो आणि इंधन जास्त जळतं, म्हणून 1960 च्या दशकापासून कथिलाचं हे संयुग रंगात घालू लागले. रंगातून ते हळूहळू पाण्यात झिरपतं आणि तळाला काही बसू देत नाही. रंग म्हणून फार गुणी, वर्षानुवर्षं टिकणारा. धक्क्यावरच्या माणसांनी तो का नाकारावा? 1970 मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळ ब्लेबर नावाच्या संशोधकाला असेच 'पुरुषी' झालेले मादी शंख सापडले. तेव्हा त्याचा रंगाशी संबंध कुणाला ठाऊक नव्हता. पुढे फ्रान्सच्या आर्काशों खाडीत कालवांची पैदास कोसळली, कवचं विचित्र जाड व्हायला लागली, आणि 1982 मध्ये तिथं लहान होड्यांना हा रंग लावायला बंदी आली. इंग्लंडच्या शंखांत तर शिश्नाबरोबर वाढणाऱ्या नळीनं मादीचा अंडी घालायचा मार्गच बुजतो. अंड्यांच्या पिशव्या पोटात साचतात आणि ती मरते. कित्येक किनाऱ्यांवरून तो शंख असाच नाहीसा झाला.

मी विचारलं, असं व्हायला पाण्यात विष किती लागतं?

"लिटरला एक नॅनोग्रॅमच्या आसपास सुरुवात होते."

मी वहीत गणित मांडलं. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर धरला, तर एक लाख टँकरांत मिळून एक ग्रॅम. मी गावाकडची, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली, त्यामुळे ते लाख टँकर मला रांगेत उभे दिसले. किती घेतलं तर मरतं, हा आमचा नेहमीचा हिशेब इथं उपयोगाचा नव्हता. संप्रेरकं मुळात अशाच कणभर प्रमाणात हुकूम चालवतात. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं होतं की हे संयुग शंखाच्या पेशीतल्या एका ग्राहीत, म्हणजे संकेत घेणाऱ्या प्रथिनात, नेमकं जाऊन बसतं. परक्याच्या हातात घरची किल्ली लागावी तसं. शिवाय एकदा उगवलेलं शिश्न सहसा परत जात नाही. म्हणजे आज पाणी स्वच्छ निघालं तरी कालची साक्ष मादीच्या अंगावर राहते.

पुढच्या मोठ्या सुकतीला मी पुन्हा खडपावर गेले. धक्क्यावर एका ट्रॉलरचा तळ खरवडणं चाललं होतं. विटकरी पापुद्रे ओल्या वाळूवर पडत होते आणि भरती आली की पाण्यात जाणार होते. अलीकडे एक म्हातारी कोयतीच्या टोकानं कालवं फोडून डब्यात टाकत होती.

"काय गो बाय, ह्ये शंख न्हेऊन काय करतेस?"

मी जमेल तसं सांगितलं. बायकांचे बाप्ये झालेत म्हटल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. मग हसू ओसरलं.

"मग ही कालवां खायची काय नाय? नातवंडांना घालते मी."

उत्तर माझ्यापाशी नव्हतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ग्रून आणि ब्लुमबर्ग यांनी दाखवलं की गाभण उंदरीला हे संयुग दिलं तर पिलांच्या अंगात जास्त चरबी साठते. पण उंदरावरून म्हातारीच्या नातवंडांचं काय सांगणार? 'घाबरू नका' म्हणणं खोटं झालं असतं आणि 'खाऊ नका' म्हणायला माझ्याकडे फक्त वीस शंख होते. शेवटी म्हटलं, "आजी, धक्क्याजवळची नका काढू."

तिनं डब्यात पाहिलं, मग पलीकडच्या टोकाकडे हात केला. "त्या अंगाला होड्या लागत नाय. पण तिथवर गुडघं जात नाय माझं."

जहाजांवर हा रंग लावायची जगभरची बंदी 2001 मध्ये कागदावर ठरली होती. ती लागू झाली सप्टेंबर 2008 मध्ये.

मी त्या टोकापर्यंत चालत गेले, भरतीच्या आत परतायचं म्हणून घाईघाईनं वीस शंख वेचले. दुसऱ्या दिवशी वाइस, कट्, चिमटा. या वेळी शिंगाकडे न बघता आधी पाठ उलटून पाहिली. माद्या बारा निघाल्या. मग एकेकीचं उजवं शिंग बाजूला केलं. बाराही जणींच्या शिंगामागे नुसती सपाट, कोरी कातडी होती.