तुम्ही विचारलंत म्हणून: डिलनचा गळा आणि आमचे नाना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर मी हल्ली स्वतःहून तोंड उघडत नाही. हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या ठिकाणी विचारलाय, वैशालीत टेबल मिळायची वाट बघत उभं असताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर सोसायटीच्या गणपतीत आरती संपल्या संपल्या, की "अगं तू दरवर्षी सवाईला जाणारी, घरात पेटी आहे, आणि ऐकतेस काय तर तो अमेरिकन गायक बॉब डिलन? त्याला गाता तरी येतं का? शब्द चांगले असतील, मान्य, मग वाचावेत की, गायचं कशाला?" आणि याला जोडून एक शेपूट असतंच, "अजून पन्नास वर्षांनी कोण ऐकणारे गं त्याला?"

तर बसा.

आधी कबुली देऊन टाकते. मी कॉलेजात होते, एका रविवारी भावाबरोबर जुन्या बाजारात गेले होते, त्याला स्कूटरचा कसलासा पार्ट हवा होता आणि मला काहीच नको होतं, म्हणून मी एका गोणपाटावर मांडलेल्या कॅसेटी चिवडत बसले. त्यात ही एक मिळाली, वरचं कव्हर गायब, नुसती कॅसेट, नाव पुसट. घरी आणून लावली आणि मला वाटलं आमच्या टेपरेकॉर्डरचं हेड खराब झालंय. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसलं. परत लावली. परत पुसलं. मग आईची कुमार गंधर्वांची कॅसेट लावून बघितली तर ती खणखणीत वाजली, तेव्हा कळलं की हेडचा दोष नाही, या माणसाचा गळाच असा आहे. म्हणजे तुमचं जे आज होतंय ते माझंही झालेलं आहे, मी काही आईच्या पोटातून शिकून आले नाही.

आता "त्याचा आवाज" म्हणजे नेमका कुठला, ते आधी ठरवू. कारण पहिली रेकॉर्ड आली मार्च १९६२ मध्ये, तेव्हा हा २० वर्षांचा पोरगा आणि गातोय कसा, तर साठीच्या, आयुष्यभर कष्ट काढलेल्या म्हाताऱ्यासारखा. ती रेकॉर्ड खपली नाही, कोलंबिया कंपनीत त्याला घेणारे जॉन हॅमंड होते, तर तिथले लोक त्याला हॅमंडचा मूर्खपणाच म्हणायला लागले. मग १९६९ ला 'नॅशव्हिल स्कायलाइन' आली आणि त्यात हा एकदम मऊ, गुळगुळीत आवाजात गातो, लोकांना वाटलं दुसराच कोणी आहे, आणि साहेबांनी सांगितलं की सिगरेट सोडली म्हणून. १९९७ मध्ये गळा पार सुकलेला. आणि २०१५ पासून तीन वर्षांत लागोपाठ फ्रँक सिनात्रा गायचा तसल्या जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या, त्यातली शेवटची तर तीन डिस्कची, ३० गाण्यांची, आणि तिथे हा मनुष्य, वय ७५, अगदी जपून, सुरावर बोट ठेवल्यासारखा गातो. मी ते ऐकून थोडी चिडले होते. येत होतं तर इतकी वर्षं का नाही गायलास बाबा?

याचं उत्तर माझ्या परीने मला एका गाण्यातून मिळालं. त्या १९९७ च्या 'टाइम आउट ऑफ माइंड'मध्ये एक साधंसं प्रेमगीत आहे, तेच २००८ मध्ये अॅडेलने गायलं, आणि तुमच्यापैकी निम्म्या लोकांना ते अॅडेलचंच वाटतं, माझ्या जावेलाही वाटायचं. अॅडेलचं सुंदरच आहे, वाद नाही. पण ती गाते तेव्हा ते एका तरुण मुलीचं, अजून सगळं होऊ शकेल असं गाणं असतं. डिलनने ते गायलं तेव्हा तो ५५ चा होता, आवाज चिरफाळलेला, आणि तो तेच शब्द म्हणतो की मी तुझ्यासाठी वाट्टेल ते करीन, तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की याचं आता काही होणार नाहीये, आणि हे त्यालाही माहितीये, तरी म्हणतोय. शब्द तेच, आणि गोष्ट वेगळी झाली. मग मला सांगा, ते नुसतं वाचून कुठे मिळणार होतं? म्हणून "शब्द चांगले, आवाज वाईट" हे जे वाटप लोक करतात ना, अर्धे लेखकाला मार्क द्यायचे आणि अर्धे गायकाचे कापायचे, ते मला पटत नाही. तो गळासुद्धा लिहिण्यातलाच भाग आहे.

हां, जिमी हेंड्रिक्स या गिटारवाल्याचं मात्र मान्य. १९६७ च्या शेवटी डिलनचं गाणं आलं, पुढच्या वर्षी हेंड्रिक्सने ते असं काही वाजवलं की नंतर डिलन स्वतःसुद्धा त्याच ढंगाने वाजवायला लागला. तिथे हार मान्य करायची.

(त्याच १९६७ च्या रेकॉर्डच्या कव्हरवर डिलनच्या शेजारी दोन बंगाली बाउल, म्हणजे तिकडचे फिरते लोकगायक, उभे आहेत, पूर्णदास आणि लक्ष्मणदास. मी हे आमच्या भिशीत सांगितलं तर कोणाचा विश्वास बसला नाही, मोबाइलवर फोटो दाखवावा लागला.)

आता नाना. नाना म्हणजे माझे सासरे, वय वर्षं ८४ होतं तेव्हाची गोष्ट, किराणा घराण्याचे भक्त, रमणबागेत सवाई व्हायचा तेव्हापासून सतरंजी घेऊन दुपारी तीनलाच जाऊन बसणारे. त्यांचा आणि माझा हा वाद लग्न झाल्यापासूनचा. "सूनबाई, तुमचा तो घसा बसलेला गृहस्थ आज नको हं, पित्त झालंय मला." मी म्हणायची, नाना, सवाई गंधर्वांचाही आवाज मुळात वळणदार नव्हता, तापायला वेळ लागायचा, हे तुम्हीच सांगितलंय ना मला? तर म्हणायचे, "तापायचा गं, पण तापायचा तरी! याचा शेगडीवर ठेवला तरी नाही तापणार."

२०१३ मध्ये ह्यांना कंपनीने लंडनला पाठवलं होतं आणि मी महिनाभर गेले होते, तेव्हा नोव्हेंबरात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डिलन होता. तिकिटाचा आकडा मी नानांना आजतागायत सांगितलेला नाही. आम्ही वरती पार छताजवळ. तो आला, नमस्कार-चमत्कार काही नाही, गिटारला हात नाही, पियानोला टेकून उभा. आणि मला तोंडपाठ असलेलं १९७५ सालचं एक गाणं तिसरी ओळ येईपर्यंत मी ओळखलंच नाही, कारण चाल बदललेली, लय बदललेली, मधल्या काही ओळीच नव्या. शेजारचा इंग्रज पुटपुटत होता, त्याला रेकॉर्डवर आहे तस्सं हवं होतं. मला गंमत वाटली, म्हटलं याला पुण्यात आणून बसवायला पाहिजे. आपल्याकडे कोणी भीमसेनजींना म्हणालं असतं का की बुवा, मागच्या वर्षी मारव्यात जी तान जिथे घेतली तिथेच घ्या? तीच बंदिश, रोज नवी मांडायची, हेच तर आपण ऐकायला जातो. जून १९८८ पासून हा माणूस जवळजवळ सलग दौऱ्यावर आहे, कोरोनाची सुट्टी सोडली तर, आणि स्वतःच्याच गाण्यांची मोडतोड करतोय. कधी जमतं, कधी अगदीच फसतं. लंडनला त्या रात्री साधारण निम्मं जमलं होतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

परत येऊन हे नानांना सांगितलं तर म्हणाले, "बंदिशीला राग असावा लागतो." संपलं.

डिलनच्या नोबेलवरून २०१६ मध्ये जे रण माजलं त्याबद्दल मला फार बोलायचं नाही. गाणी लिहिणाऱ्याला साहित्याचं नोबेल कसं, म्हणे. युरोपातल्या लोकांनी विचारावं, मराठी माणसाने हा प्रश्न विचारला की मला हसू येतं. तुकोबा काय छापायला लिहीत होते? आपल्या पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या कामातून जात्यावरच्या ओव्या जमल्या त्या लाखाच्या वर आहेत, त्या बायकांच्या गळ्याची परीक्षा कोणी घेतली होती? आणि गाणी लिहिणाऱ्याला नोबेल १९१३ सालीच मिळून गेलंय, शांतिनिकेतनात.

पण तुम्ही मला भक्त समजू नका. या माणसाचे दोष मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याचशा रेकॉर्डी मी घरात ठेवते पण लावत नाही. २००१ च्या रेकॉर्डमध्ये एका जपानी डॉक्टरच्या पुस्तकातल्या ओळी जवळपास जशाच्या तशा सापडल्या. नोबेलचं भाषण द्यायला आठ महिने लावले आणि त्यातला 'मोबी डिक'चा भाग विद्यार्थ्यांच्या गाइडशी फार मिळताजुळता निघाला, म्हणजे आमच्या वेळी अप्पा बळवंत चौकात मिळायची तसली गाइडं! २०२२ मध्ये ५९९ डॉलरला स्वतःच्या सहीचं म्हणून पुस्तक विकलं आणि सही निघाली मशीनची, मग माफी मागावी लागली, प्रकाशकाने पैसे परत दिले. हे सगळं आहे. लोक त्याला १९६५ पासून संपला म्हणतायत, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला तेव्हा हुर्यो उडवली, पुढच्या वर्षी मँचेस्टरला भर कार्यक्रमात कोणीतरी जुडास, म्हणजे गद्दार, म्हणून ओरडलं, मग धार्मिक गाणी म्हणायला लागला तेव्हा संपला, मग दारोदार फिरतो म्हणून संपला. प्रत्येक वेळी म्हणणाऱ्यांचं थोडंथोडं खरंही होतं, हे मी वयानुसार मान्य करायला शिकलेय.

आता जे मला मुळात सांगायचं होतं ते.

मार्च २०२०. लॉकडाउन लागून दोनतीन दिवस झालेले, कोथरूडचा आमचा रस्ता इतका शांत की बाराच्या उन्हात कोकीळ ऐकू यायचा. २७ तारखेला डिलनने न सांगता सवरता एक नवं गाणं सोडलं, जवळजवळ १७ मिनिटांचं, १९६३ मधल्या केनेडींच्या खुनावरचं. त्याचं वय ७८. मी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून लावलं, भाजी निवडत होते, आणि नाना येऊन खुर्चीवर बसले, कारण जाणार कुठे, सकाळची सारसबाग बंद, पेपरसुद्धा बंद. मी बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, राहू दे.

मागे पियानो, काहीतरी घासल्यासारखं तंतुवाद्य, ठेका असा जवळपास नाहीच. आणि हा बोलतोय, गातोय, मधलंच काहीतरी. आधी डॅलसची मोटार, गोळी, ती सगळी कथा. मग निम्म्यानंतर कथा सुटते आणि तो रेडिओवाल्याला फर्माइश करायला लागतो, हे लाव, ते लाव, याचं लाव, त्याचं लाव, नावामागून नावं, जॅझवाले, ब्लूजवाले, सिनेमावाले, संपतच नाही. नाना डोळे मिटून बसलेले. मला वाटलं झोपले. संपल्यावर म्हणाले, "हा गात नाहीये गं. हा कीर्तन करतोय."

आणि मग त्यांनी मला सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, की त्यांचे वडील त्यांना लहानपणी सदाशिव पेठेत नारद मंदिरात कीर्तनाला घेऊन जायचे, आणि तिथे एक वयस्कर बुवा यायचे, गळा पार गेलेला, आर्येचा शेवट तर ऐकूही यायचा नाही, पण आख्यान लावलं की बायका पदर डोळ्याला लावायच्या. "त्यांना कोण म्हणालं नाही बुवा सूर लावा म्हणून. फक्त याचं उलटं आहे, आधी आख्यान आणि मग नामाचा गजर." थोडं थांबून, "आणि लय नाही सोडत तो. ठेका नाही तरी लय आहे."

लय आहे! मी भाजी तशीच टाकून हात पुसले आणि ह्यांना हाक मारली की बाहेर या, नाना काय म्हणाले ऐका. तर नाना लगेच, "म्हणजे सुरात आहे असं म्हणालो नाही मी."

म्हणून, तुम्ही आता मोठेपणा विचारताय तर मी एवढंच सांगेन की त्याला गायकांच्या रांगेत उभं करून मोजाल तर तो नापास आहे, कवींच्या रांगेत उभं केलं तर काठावर पास होईल, कधी फर्स्ट क्लास. पण कीर्तनकाराच्या जागी बसवून ऐकून बघा, एकदाच, लांबलचक काहीतरी, काम करता करता नको, बसून. ऐकलंत आणि नाही आवडलं तर माझा हट्ट नाही, पोहे खाऊन जा.

राहिलं ते पन्नास वर्षांचं. ते मला कुठून माहीत असणार? माझी लेक सध्या एकोणीस वर्षांची आहे. तिने २०२४ चा तो डिलनवरचा सिनेमा बघितला, हिरोसाठी बघितला हे उघड आहे, त्याने गाणी स्वतः गायलीत आणि बरी गायलीत. आठवडाभर घरात तेच चालू होतं. एका संध्याकाळी मी म्हटलं थांब, तुला मूळचं ऐकवते, आणि तिच्या ब्लूटूथ स्पीकरवर डिलनचं १९६३ चं गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात तिने स्पीकर उचलून कानाला लावला, हलवून बघितला, आणि म्हणाली, "आई, याचा काहीतरी लोचा झालाय, फाटतोय आवाज." मी काही बोलले नाही. तिने बाबाच्या खोलीतून दुसरा स्पीकर आणला, जोडला, परत लावलं, आणि माझ्याकडे बघायला लागली.

अजून तरी ती सिनेमातलंच ऐकते.