लंडन ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि वेळ मी स्वतः काढली तेव्हा

दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आज क्षणात समोर येतं. तो आकडा येतो कुठून, हे मला स्वतः करून बघायचं होतं. जोडी निवडली लंडन आणि न्यूयॉर्कची. या मार्गावर विमानांची सतत ये-जा असते, त्यामुळे आपला हिशोब खऱ्या वेळापत्रकाशी ताडून बघता येतो.

आधी विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार केला. मग दोन्हींचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार त्यात मिळवला. बेरीज आली ०.६४५. एवढा कोसाइन असलेला कोन साधारण ४९.८ अंशांचा; पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन शहरांमध्ये होणारा कोन तो हाच. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली की अंतर निघतं ५,५४० किमी. कागदावर हा आकडा उतरला तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

मग मर्केटर नकाशावर, म्हणजे भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट जगाच्या नकाशावर, पट्टी ठेवून येणाऱ्या सरळ रेघेचंही अंतर काढलं. ते भरलं जवळपास ५,७६० किमी! पृथ्वीगोलावर दोरा ताणला की कारण दिसतं: दोरा उत्तरेकडे झुकून कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या बाजूने जातो, आणि जवळची वाट तीच असते.

वेळेचं प्रकरण खरं अवघड. ताशी ९०० किमीने भागलं तर सहा तास दहा मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र न्यूयॉर्कहून लंडनला सुमारे सात तास, आणि उलट दिशेला सुमारे आठ. विमान जागचं हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढणं-उतरणं यांतच अर्धा-पाऊण तास सहज जातो. दोन दिशांमधला फरक पडतो तो वाऱ्यामुळे. उंचावरचा जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं.

याहून बोलकं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने नेहमीचा अटलांटिकवरचा मार्ग सोडून विमान पॅसिफिकवरून नेलं. अंतर जवळपास १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झालं, तरी पाठीवर वारा असल्याने प्रवास साडेचौदा तासांत आटोपला आणि वेळ वाचला. म्हणून नुसत्या अंतरावरून वेळ सांगणाऱ्या आकड्यावर मी विसंबत नाही. दोन्ही दिशांची वेळ वेगवेगळी बघतो, जमल्यास हिवाळ्यातली आणि उन्हाळ्यातलीही.

घड्याळाचा हिशोब शेवटी केला. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची, दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. लंडनहून सकाळी अकराला निघून न्यूयॉर्कला दुपारी दोनला उतरणं म्हणजे तीन तासांचा प्रवास नाही, आठ तासांचा. दोन्ही शहरांच्या घड्याळांमध्ये पाच तासांचं अंतर आहे. तेही वर्षभर सारखं नसतं. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे होतात, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी, आणि त्या मधल्या काळात फरक चारच तासांचा राहतो. त्यामुळे मी दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या एकाच वेळेत, बदलतो आणि मगच वजाबाकी करतो.