थेंबाचे दोनशे सोळा भाग

आमच्या विहिरीवर आबांचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला ६०० फेरे, सिलिंडरचा व्यास साडेचार इंच आणि पिस्टनची धाव साडेपाच इंच. हे आकडे मला पुढे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात, नोकरीला लागल्यावर समजले. लहानपणी त्या इंजिनाची ओळख होती ती आवाजावरून. आबा डिकंप्रेशनची कळ, म्हणजे सिलिंडरातली हवा दाबली जाऊ न देणारी कळ, वर करून ठेवीत, हँडल मारून ती दोन जड चाके फिरवीत आणि चाकांनी पुरता वेग घेतला असे वाटले की कळ पाडीत. एक दणका बसे, काळ्या धुराचा लोट निघे आणि मग उसाच्या फडावरून डुग् डुग् डुग् असा, सेकंदाला पाच ठोक्यांचा आवाज दिवसभर येत राही. त्या ठोक्यांची लय किंचित जरी बदलली तरी शेताच्या दुसऱ्या टोकाला दारे धरणारे आबा मान वर करून विहिरीकडे पाहत.

निवृत्तीनंतर मी पिंपरी-चिंचवडच्या घरात, तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत एक जुना टेबल-लेथ आणून बसवला. तो आत आणायला चार माणसे लागली आणि तो समपातळीत बसवायला मला एकट्याला आठ दिवस लागले. आबांचे इंजिन एक षष्ठांश आकारात बनवायचे, असा बेत होता. साडेचार इंचांचा सिलिंडर पाऊण इंचाचा होईल, पुरुषभर वजनाची चाके पुरणपोळीपेक्षा लहान होतील आणि सगळे इंजिन टेबलाच्या कोपऱ्यावर मावेल. खरे सांगायचे तर मला इंजिनापेक्षा तो आवाज हवा होता.

ड्रॉइंगवरचा प्रत्येक आकडा सहाने भागणे हे एका संध्याकाळचे काम आहे. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण लांबी सहापट घटली की पृष्ठभाग छत्तीसपट घटतो आणि आकारमान दोनशे सोळापट. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने हवा दाबली की ती तापते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. लहान सिलिंडरात मात्र हवा जरा कुठे तापते न तापते तोच तिच्याभोवतीची भिंत ती उष्णता पिऊन टाकते, कारण हवेच्या मानाने भिंत आता सहापट झालेली असते. इंधनाचा हिशेब त्याहून वाईट आहे. आबांचे इंजिन भर असताना तासाला साधारण लिटरभर डिझेल खात असे. तासाला १८,००० ठोके धरले तर दर ठोक्याला सुमारे एक थेंब डिझेल येते. माझ्या इंजिनाला त्या थेंबाचे दोनशे सोळा भाग करून त्यातला एक भाग, तोही दर वेळी तेवढाच, फवारून द्यावा लागणार होता. आणि फ्लायव्हील, म्हणजे ती जड चाके? त्यांचे जडत्व आकाराच्या पाचव्या घाताने घटते. सहाचा पाचवा घात ७,७७६. म्हणजे एका ठोक्याची ताकद साठवून पुढचा ठोका येईपर्यंत संथपणे फिरत राहणे, जे त्या मोठ्या चाकांना सहज जमत होते, ते या चिमुकल्या चाकांना जमणार नाही. तगून राहायचे तर त्यांना भरधाव फिरावे लागेल. डुग् डुग् जाऊन टर्रर्र असा, शिवणयंत्राला राग आल्यासारखा आवाज येईल. बोटांचे आणि डोळ्यांचे तर विचारूच नका. दहा मिलिमीटरच्या बोल्टाच्या जागी दीड मिलिमीटरचा बोल्ट येतो, पण त्याचे आटे पाडणारा हात पूर्वीचाच असतो.

लहान इंजिनाच्या या आडमुठेपणाला मी नावे ठेवीत नाही, कारण त्याने जगावर मोठे उपकार केले आहेत. १७६३च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातले एक छोटे इंजिन दुरुस्तीसाठी जेम्स वॉटकडे आले. न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची ती वर्गात दाखवण्यापुरती केलेली प्रतिकृती होती. सिलिंडर दोन इंचांचा, धाव सहा इंचांची. वॉट विद्यापीठाची उपकरणे बनवणारा कारागीर होता, त्याने दुरुस्ती चोख केली, बॉयलरही दिसायला पुरेसा मोठा होता, तरीही चारदोन फेरे होताच वाफ संपून इंजिन थांबू लागले. न्यूकोमेनची मोठी इंजिने तोवर अर्धशतक खाणींतले पाणी उपसत होती आणि कोणाची काही तक्रार नव्हती. वॉटच्या ध्यानात आले की वाफ थिजवून तिचे पाणी करण्यासाठी दर फेऱ्याला सिलिंडरातच थंड पाणी सोडल्यामुळे भिंत गार पडते आणि पुढच्या फेऱ्याची बरीचशी वाफ ती भिंत पुन्हा तापवण्यातच खर्ची पडते. मोठ्या सिलिंडरात हे नुकसान कोळशाच्या ढिगाऱ्याआड झाकले जात होते. छोट्या सिलिंडराने ते चव्हाट्यावर आणले. मे १७६५मध्ये वाफ वेगळ्या भांड्यात थिजवण्याची युक्ती त्याला सुचली आणि १७६९मध्ये तिचे पेटंट मिळाले. ते खेळणे पहिल्या दिवशी सुरळीत चालले असते तर वॉटने ते पुसून विद्यापीठाला परत केले असते, असे मला नेहमी वाटते.

तर डिझेलचा बेत मी तात्पुरता खणात ठेवला आणि हात बसावा म्हणून आधी गरम हवेचे इंजिन करायला घेतले. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८१६ साली पेटंट घेतलेली ही तऱ्हा छोट्या आकाराला मानवते, कारण त्यात व्हॉल्व्ह नाही, ठिणगी नाही आणि इंधन सिलिंडरच्या आत जातच नाही. आत कोंडलेली तीच ती हवा असते. नळीचे एक टोक दिव्यावर तापते, दुसरे गार राहते. नळीत सैल बसलेला एक दंडगोल हवेला कधी तापल्या टोकाकडे, कधी गार टोकाकडे ढकलतो, आणि फुगणारी-आकसणारी ती हवा शेजारच्या पिस्टनला पाव फेऱ्याच्या अंतराने हलवते.

सगळी मेख त्या पिस्टनमध्ये आहे. त्याला अंगठ्या म्हणजे रिंग बसवायच्या नाहीत, कारण रिंगचे घर्षणच एवढ्या इंजिनाची सगळी ताकद खाऊन टाकेल. तरीही हवा निसटता कामा नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणलेल्या बिडाच्या तुकड्यातून मी सोळा मिलिमीटरचा पिस्टन काढला आणि शेवटचे दोन शतांश मिलिमीटर लेथवर न काढता घासून काढायचे ठेवले. ॲल्युमिनियमच्या चिरलेल्या कड्यात पिस्टन धरायचा, बारीक पॉलिशची पेस्ट लावायची, लेथ अगदी हळू फिरवायचा आणि कडे पुढे-मागे नेत राहायचे. काही वेळाने डोळे निरुपयोगी ठरतात आणि बोटांना समजू लागते: इथे जड लागते, म्हणजे इथे अजून फुगवटा आहे. मग रॉकेलने धुवायचे, पुसायचे, सिलिंडरात घालून पाहायचे. तिसऱ्या दिवशी अशी अवस्था आली की हातात पाच मिनिटे धरलेला पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी अडत होता आणि टेबलावर निवू दिला की सुळकन आत जात होता. तळहाताच्या ऊबेने तो फुगत होता. चौथ्या दिवशी तो बसला. सिलिंडर उभा धरला की पिस्टन स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरायचा, आणि खालच्या भोकावर अंगठा ठेवला की जागच्या जागी थबकायचा. अंगठा काढला, घसरला, ठेवला, थांबला. हा खेळ मी किती वेळ केला ते सांगत नाही.

इंजिन जोडले, स्पिरिटचा दिवा लावला, चाकाला टिचकी मारली. दोन फेरे फिरून ते थांबले. पुढचे तीन आठवडे मी गळती शोधण्यात, सांधे पुन्हा बसवण्यात आणि क्रँकचा कोन मोजण्यात घालवले, आणि दोष सापडला तो माझ्या संस्कारांत. चौतीस वर्षे टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला सरकणारा कोणताही भाग कोरडा बघवत नाही; जोडणी करताना मी पिस्टनवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला होता. इतक्या तंग फटीत तेलाचा थरही ओढ लावतो आणि दिव्याच्या ज्योतीवर चालणाऱ्या इंजिनाकडे तेवढी ओढ सोसण्याचे बळ नसते. पेट्रोलने पिस्टन पुसून कोरडा केला, तसे टिचकीसरशी इंजिन धावू लागले. आवाज जवळजवळ नाहीच. कान जवळ नेला तर सांध्यांची टिकटिक तेवढी ऐकू येते. पत्नीने थोडा वेळ पाहून विचारले, "अहो, याने पाणी किती चढेल?" विहिरीच्या घरात वाढलेल्या बाईचा तो रास्त प्रश्न होता. मी हिशेब केला. उत्तर सांगण्यासारखे नव्हते.

वॉट १८०० साली धंद्यातून निवृत्त झाला आणि आपल्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत लेथ घेऊन, पुतळ्यांच्या नकला काढणारी यंत्रे रचत बसला. १८१९मध्ये तो वारला, पण ती खोली जवळजवळ तशीच बंद राहिली आणि १९२४ साली हत्यारांसकट लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये नेण्यात आली. वाफेच्या इंजिनाने नाव आणि पैसा मिळवलेल्या माणसाला म्हातारपणी त्या कोंदट खोलीत जाऊन बसावेसे वाटावे, हे मला अगदी समजते. आमची अडगळीची खोली तशी कोणी नेणार नाही. लेथ बाहेर काढायला पुन्हा चार माणसे लागतील, एवढाच तिचा बंदोबस्त.

गेल्या महिन्यात मी डिझेलचे ड्रॉइंग खणातून परत काढले. आवाज तसा येणार नाही हे ठाऊक आहे, पण त्या थेंबाच्या दोनशे सोळाव्या भागाने मनात घर केले आहे. हिशेब असा निघतो की इंधनपंपाचा प्लंजर, म्हणजे इंधन पुढे ढकलणारी दांडी, एक मिलिमीटर व्यासाचा ठेवला तर दर ठोक्याला तो मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा पुढे सरकला पाहिजे, आणि त्याची फट माझ्या सोळा मिलिमीटरच्या पिस्टनपेक्षा पुष्कळच तंग हवी. शनिवारी पहिला प्लंजर काढून झाला. घासण्यासाठी कड्यात धरताना तो चिमट्यातून उडाला, तो अजून सापडलेला नाही, आणि तेव्हापासून घरात सगळे चपला घालून वावरत आहेत.