सुटलेली बोट आणि डोळे मिचकावणारा मासा

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तीन दिवस, तीन मुक्काम. गर्दी होती, शहाळं ८० रुपयांना होतं, प्रदक्षिणेच्या वाटेवर सेल्फीवाल्यांनी माणसं तुंबवून ठेवली होती. बाकी सगळं ठीक. लिहायला बसलेय ती दिघीच्या धक्क्यावर फुकट गेलेल्या तासाभराबद्दल.

दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायचं आणि तिथून मुरुडला जायचं, असा बेत होता. नवऱ्याला वाटेत आणखी एक चहा हवा होता. तो चहा झाला आणि आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पाण्यात पन्नास-साठ फूट गेलेली. मी काही बोलले नाही. माझ्या न बोलण्याचा अर्थ पंधरा वर्षांच्या संसारात त्याला नीट कळतो, म्हणून तो लेकाला घेऊन गाडीत जाऊन बसला. मी धक्क्याच्या कडेला.

ओहोटी होती. खाली नुसता चिखल, त्याला तो कुजका वास. खाडीचा चिखल मला कधीच आवडला नाही. कोकणात यायचं ते वाळूसाठी. चिखल म्हणजे पुलावरून जाताना गाडीची काच वर करायची जागा. तेवढ्यात त्या चिखलातलं एक ढेकूळ उडालं. मग दुसरं. वीतभर लांबीचे, चिखलाच्याच रंगाचे मासे, पाण्यापासून चांगले लांब, छातीशी असलेल्या दोन परांवर रेटा देत सरपटत होते. कोपरांवर रांगणारं बाळ असतं ना, अगदी तसे.

"निवटी हाय ती," शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या. "बिलात हात घालाचा. कधी निवटी घावते, कधी चिंबोरी चावते." आणि अंगठ्याजवळचा जुना वण दाखवून हसल्या.

निवटीबद्दल मी ऐकलं होतं ते कालवणापुरतं. जिवंत निवटी पहिल्यांदाच पाहत होते. एक मासा धक्क्याच्या अगदी खाली आला. डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चिखलावरची शेवाळाची पातळ साय खरवडून खात होता. मागे ओल्या चिखलावर त्याच्या तोंडाची नक्षी उमटत होती. डोळे बेडकासारखे थेट डोक्यावर. मध्येच थांबला, एका कुशीवर लोळला, अंग ओलं करून पुन्हा कामाला लागला. हे लोळणं म्हणजे लाडात येणं नव्हे. निवटी हवेतला प्राणवायू कातडीतून आणि तोंडाच्या, घशाच्या आतल्या अस्तरातून घेते, आणि कातडी ओली असेल तरच हे जमतं. त्यात कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवते, म्हणून गाल कायम फुगलेले. माझेही त्या वेळी फुगलेलेच होते म्हणा.

आणि मग त्याने डोळे मिचकावले.

मी खरंच उठून उभी राहिले. मासा आणि डोळे मिचकावतो? बाजारातल्या पाटीवरच्या सुरमईकडे बघून माशाला पापणी नसते हे कुणालाही कळतं. निवटीलाही आपल्यासारखी पापणी नसते. ती डोळा आत ओढून घेते, तेव्हा खालचा कातडीचा पडदा त्याच्यावर येतो. अश्रूंच्या ग्रंथी नाहीत, त्यामुळे अंगावरचा बुळबुळीतपणा आणि पाणी यांवरच डोळा भिजवून घ्यायचा. २०२३ साली याच कुळातल्या माशांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं: डोळा ओला ठेवणं, साफ करणं आणि वाचवणं, या तिन्ही कामांसाठी ते मिचकावतात, म्हणजे ज्यासाठी आपण मिचकावतो त्यासाठीच. हे सगळं मी रात्री वाचलं. धक्क्यावर मी फक्त "अगं बाई!" एवढंच म्हणाले आणि गाडीतल्या दोघांना हाका मारून बोलावलं. रुसवा तिथेच संपला, हे नवऱ्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

लेकाने येऊन पहिलं काय केलं, तर खडा मारला. लागला नाही, पण एका क्षणात सगळे बिळांत. मी त्याला रागावले. खरं सांगायचं तर माशाला उडवून बघावं, असं मलाही दोन मिनिटांपूर्वी वाटलं होतं.

मावशींनी "गप ऱ्हा" म्हणून त्याला खाली बसवलं. पाचेक मिनिटांनी एका बिळाच्या तोंडाशी दोन डोळे वर आले. तेवढेच. बाकीचा मासा खाली.

बिळांचं तर अजब आहे. भरतीला ती पाण्याखाली जातात आणि आतल्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. म्हणून तोंडात हवेचा घास धरून तो खाली नेऊन सोडायचा, आणि त्या कोंडलेल्या हवेत, छताला चिकटवून, अंडी ठेवायची. जपानमधल्या एका जातीत तर अंडी पिकली की बाप रात्रीच्या भरतीत ती हवा घासाघासाने बाहेर काढतो. पाणी आत शिरतं आणि अंडी फुटून पिल्लं बाहेर येतात.

फोटो ताडून पाहिले तेव्हा नाव मिळालं: बोलिओफ्थाल्मस डसुमिएरी. पहिलं शास्त्रीय वर्णन १८३७ सालचं, तेही मुंबईच्या माशावरून.

बोट आली, आम्ही चढलो, जंजिरा पाहिला. किल्ल्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय.

मुरुडच्या घरगुती खाणावळीत ताईंनी विचारलं, "आज निवटीचं कालवण आहे, चालेल?" लेकाने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटाकडे पाहिलं.

खाल्लं. दोनदा वाढून घेतलं.