तुम्ही विचारलंत म्हणून: साप पळून जात नाही का?

घरी कोणी पहिल्यांदा आलं की चहाच्या आधी हाच प्रश्न, आणि शिराळ्याच्या मावशीचा तर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर, "अगं, ते निसटलं तर?" खरं सांगते, निसटलं होतं. एकदाच, पण नऊ दिवस.

आम्ही लेस्टरला राहतो, आमच्याकडे एक कॉर्न स्नेक आहे, नाव जिलबी, कारण केशरी आहे आणि दिवसभर वेटोळं करून पडलेली असते. बिनविषारी, मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली जात, इथे ब्रिटनमध्ये पाळायला लायसन्स लागत नाही. तुम्ही मात्र तिकडे परसातली धामण धरून पाळायला जाऊ नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, नसता ताप होईल.

आणली तेव्हा पेन्सिलीएवढी जाड होती आणि आम्ही हौशीने चार फुटी लाकडी व्हिव्हेरियम, म्हणजे साप ठेवायची पेटी, घेतलं, समोर दोन सरकत्या काचा, त्याला सोनाराच्या शोकेसला असतं तसलं दातेरी कुलूप. नवरा म्हणाला झालं की मग, आता कुठे जातेय. पण काचा एकमेकींवरून सरकायच्या म्हणजे मध्ये फट राहणारच, कुलूप काच सरकू देत नाही, फट थोडीच बुजवतं, आणि सापाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो. सकाळी बघतो तर कुलूप लावलेलं आणि आत कोणी नाही!

मग काय, संडासाचं झाकण बंद, दारांच्या खाली टॉवेल, रोज रात्री टॉर्च घेऊन सोफ्याखाली, पुस्तकांच्या मागे, फ्रिजच्या मागे. साप सुटला की फार लांब जात नाही, ऊब आणि अंधार बघतो आणि अंगाला सगळीकडून काहीतरी टेकेल अशी चिंचोळी जागा. शेवटी कोणीतरी सुचवलं म्हणून खोल्यांच्या दारात कणकेचा पातळ थर टाकला, रांगोळी टाकतो तसा, आणि आठव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात त्या कणकेत एक बारीक नागमोडी रेघ. मी अक्षरशः नाचले. त्या रात्री दिवे बंद करून दोघं ओट्यापाशी बसलो, दीडच्या सुमारास बॉयलरच्या कपाटातून चुरचुर आवाज, तिथे आपल्या सगळ्यांच्या घरी असते ती पिशव्यांची पिशवी लटकवलेली, तिच्यात बाई आरामात.

त्यानंतर वर्षभर तिला क्लिपवाल्या झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली, हवेला बारीक भोकं पाडून. पिल्लांना तेच बरं, मोठ्या जागेत ती बुजतात पण. आता चांगली चार फुटी झालीय, त्या फटीतून मावत नाही, पण रात्री नाकाने काचेची कड अन् कड ढकलून बघते, त्यामुळे कुलूप हवंच. मागची वायरची भोकं फोमने बुजवलीत, लोक हे हमखास विसरतात. आणि एकदम अस्वस्थ होऊन सारखी काचेवर चढायला लागली तर मी आधी थर्मामीटर बघते, उबेची बाजू २८-३० डिग्री हवी, मागे एकदा थर्मोस्टॅट बिघडला तेव्हा दोन दिवस तिचं तेच चाललं होतं. साफसफाई करताना तिला उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारते, एक मिनिटच तर आहे म्हणून काच उघडी टाकून फोन घ्यायला गेलं की संपलंच.

हे सगळं मावशीला सांगितलं तर म्हणते, कोर्टाची बंदी यायच्या आधी आमच्यात नागपंचमीला जिता नाग मडक्यात घालायचे, वरून फडकं बांधलं की झालं, आणि तुमचं एवढं महागडं कपाट, त्यातनं ते एवढंसं पळालं! यावर काय बोलणार. पिशव्यांची पिशवी अजून त्याच खिळ्याला आहे, नवरा हलवू देत नाही, म्हणतो परत सुटली तर शोधायला सोपं.